मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचा मधुमेह

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात शस्त्रक्रियेनंतर प्रथमच आढळणाऱ्या मधुमेहास प्रत्यारोपणोत्तर मधुमेह म्हणतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अनेकांची रक्तशर्करा वाढते व पुढे उतरते. म्हणून प्रकृती स्थिरावून औषधांची मात्रा कायम झाल्यावरच हे निदान निश्चित केले जाते.

जोसेफ मरे यांनी १९५४ साली बोस्टन येथे केलेले पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमधील होते. त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची गरज भासली नाही. इतर रुग्णांना मात्र नवे मूत्रपिंड कार्यरत आहे तोवर ही औषधे घ्यावी लागतात. मधुमेहाचे एक प्रमुख कारण तीच आहेत. जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या जिवाणूपासून १९८४ साली मिळालेले टॅक्रोलिमस स्वादुपिंडातील इन्सुलिनची निर्मिती मंदावते. स्टेरॉइडमुळे शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नाही. डायलिसिसच्या काळातील पथ्ये सैल होतात, भूक वाढते आणि वजनही वाढते. वाढते वय, स्थूलता, घराण्यातील मधुमेह व हिपॅटायटिस-सी यांमुळे धोका अधिक वाढतो.

हा विकार चाचणीतही निसटू शकतो. स्टेरॉइडची गोळी सकाळी घेतली जात असल्याने शर्करा दुपारी व सायंकाळी चढते, तर उपाशीपोटीची नोंद सामान्य दिसू शकते. रक्तक्षय किंवा नुकतेच दिलेले रक्त यांमुळे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणीही सुरुवातीच्या काळात फसवी ठरते. त्यामुळे दुपारच्या जेवणानंतरची शर्करा तपासणे आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेली चाचणी महत्त्वाची ठरते. उपाशीपोटी १२६ किंवा ग्लुकोजनंतर दोन तासांनी २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही मधुमेहाची सीमा मानली जाते.

याच्या जोडीला कोलेस्टेरॉल व रक्तदाबही वाढू शकतो. सायक्लोस्पोरिन आणि स्टेरॉइड दोहोंना, तर सिरोलिमस रक्तातील चरबीला कारणीभूत ठरते. मूत्रपिंड उत्तम चालत असतानाही या रुग्णांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत हृदयविकाराची गणना होते ती यामुळेच.

शर्करा वाढली म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारे औषध स्वतःहून कमी करणे वा थांबवणे घातक आहे. त्याने शरीर नवे मूत्रपिंड नाकारू शकते आणि ते कायमचे गमावण्याची वेळ येते. औषध बदलायचे की मात्रा घटवायची, हा निर्णय रक्तातील औषधाची पातळी पाहून प्रत्यारोपण-तज्ज्ञच घेतात. ग्रेपफ्रूट व त्याच्याच कुळातील पपनस टॅक्रोलिमसची पातळी वाढवू शकतात, म्हणून ती टाळावीत. मित आहार, नियमित चालणे व तंबाखूपासून दूर राहणे हे उपचारांचेच भाग होत. त्यांच्यासोबत गोळ्या किंवा इन्सुलिन यांच्या साहाय्याने शर्करा आटोक्यात ठेवता येते आणि दात्याने दिलेले मूत्रपिंडही जपता येते.