खरारा

इतिहासाच्या पुस्तकात घोडा नेहमी धावताना दिसतो. चित्रात त्याची आयाळ वाऱ्यावर उडालेली, शेपूट निशाणासारखे ताठ. पुतळ्यातही तेच. शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकवला, पण मुठीने तोडावी अशी गुंता झालेली आयाळ एकाही चित्रात पाहिली नाही. दौडून आलेल्या घोड्याची आयाळ मात्र तशीच असते. ती सोडवणारा कोणीतरी माणूस असतोच. आजचा लेख त्या माणसावर.

आधी शब्द पाहू. घोड्याचे अंग घासायच्या दातेरी साधनाला खरारा म्हणतात आणि त्या कामालाही खरारा करणे म्हणतात. घोड्याची निगा राखणारा तो मोतद्दार. घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी तोबरा, आणि त्यातला खुराक म्हणजे चंदी. घोड्याच्या वैद्याला सलोत्री म्हणत. हा शब्द शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्याच्या नावावरून आला. आयाळ या शब्दाचे नाते फारसीतल्या 'याल'शी आहे. यातले बरेच शब्द आता नातवंडांना ठाऊक नाहीत, पण 'खोगीरभरती' आणि 'तोंडाचा तोबरा भरणे' हे वाक्प्रचार त्यांच्याही तोंडी असतात. म्हणजे घोडा गेला, पण सामान भाषेत राहिले!

आपल्या रायगड जिल्ह्याचा आणि घोड्यांचा संबंध फार जुना आहे. अरबस्तान आणि इराणकडचे घोडे जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरत. चौल हे त्यातले मोठे बंदर. १४७०च्या आसपास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. तिथल्या सुभेदाराने घोडा काढून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली. शेवटी एका खुरासानी गृहस्थाने मध्यस्थी केल्यावर घोडा परत मिळाला. या देशात घोडे जन्मत नाहीत, असे निकितिनने लिहून ठेवले आहे. तट्टे त्याने जमेस धरली नसावीत. पण मला त्याची दुसरी नोंद जास्त आवडते. इथे घोड्यांना वाटाण्यासारखे कडधान्य देतात आणि साखर व तेल घालून शिजवलेली खिचडी खाऊ घालतात, असे तो सांगतो. त्याला नवल वाटले असेल. पण जाणकार घोडेवाला आजही जवस किंवा तेल खुराकात देतो. घोड्याच्या केसाची चमक आधी पोटातून येते, बाहेरून लावलेले तेल नंतरचे.

मोगलांच्या तबेल्याचा हिशेब अबुल फजलने 'आइन-इ-अकबरी'त दिला आहे. घोड्याच्या साजात आयाळीवर घालायचे वस्त्र आणि माशा वारण्यासाठी घोड्याच्या शेपटीच्या केसांचा झुबका यांचीही नोंद त्याने केली आहे. बादशाही तबेल्यात आयाळीसाठी वेगळे कापड!

मराठ्यांचा थाट असा नव्हता, पण हिशेब चोख होता. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. सभासद बखरीनुसार पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे, आणि पंचवीस जणांमागे एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे पाणी आणि नाल यांची सोय लढाईच्या आधी केलेली. पावसाळ्यात फौज छावणीला आली की घोड्यांसाठी दाणा, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे तयार असावीत, असेही सभासद सांगतो. १६७०च्या दशकात, राज्याभिषेकाच्या सुमारास, शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील, आणि मग तुम्ही रयतेला लुबाडाल, असा त्याचा आशय. उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत त्यांनी विचार केला आहे. वर्गात हे पत्र समजावताना मुले उंदरावर हसायची. मी म्हणायचो, हसा, पण राज्य कशाने चालते ते यात आहे.

आता प्रत्यक्ष काम. माझ्या लहानपणी पनवेलला टांगे होते. एक वयस्कर टांगेवाले काका घोडा सोडल्यावर संध्याकाळी त्याची शेपटी उकलत बसत. मी बघत उभा राहायचो आणि ते बोलत जायचे. त्यांची रीत अशी. घोड्याच्या थेट मागे कधी उभे राहायचे नाही, बाजूला राहायचे आणि हाताने पाठ थोपटत मागे जायचे, म्हणजे आपण कुठे आहोत हे त्याला कळते. शेपटी हातात घेऊन आधी काडीकचरा वेचायचा, आघाड्याचे तुरे आणि गोखरूचे काटे बोटांनी काढायचे. तळहातावर थोडे खोबरेल चोळून गाठीवर लावायचे. मग खालच्या टोकापासून सुरुवात करून हळूहळू वर जायचे. वरून फणी ओढली की गाठ आवळते आणि केस तुटतो. शेपटीचा तुटलेला केस पुन्हा पुरा वाढायला वर्षे लागतात. धुवायचे असेल तर रिठ्याचे पाणी, पण ते पुरते निथळून काढायचे. साबण राहिला तर खाज सुटते, घोडा भिंतीला शेपटी घासतो आणि मुळाशीच केस झडतात. तेलही बेताने, कारण तेलकट केसाला धूळ चिकटते.

मुलींच्या केसांची वेणी घालणाऱ्या कुठल्याही आईला हे वेगळे सांगायला नको!

हे सारे नुसत्या शोभेसाठी नसते. शेपूट हे घोड्याचे माशा आणि डास वारण्याचे साधन. कोकणातल्या पावसात ते नसेल तर बिचाऱ्याचे हाल कुत्रा खाणार नाही. इंग्लंडमध्ये एके काळी घोड्यांची शेपटी हाडासकट छाटायची पद्धत होती. १९४९च्या कायद्याने तिथे ती बंद झाली. शिवाय आयाळ उकलताना मोतद्दाराचा हात मानेवरून फिरतो. गोचीड, जखम, जोखडाने सोललेली कातडी त्यालाच पहिल्यांदा कळते. म्हणून खरारा ही रोजची तपासणीच होय.

शेपटीच्या केसांचे एक वेगळे भाग्य मला नेहमी वाटते. सारंगीचा आणि व्हायोलिनचा गज याच केसांचा असतो. बालगंधर्वांच्या साथीला कादरबक्षांची सारंगी असे. त्या गजासाठी कुठल्याशा घोड्याची शेपटी कोणीतरी निगुतीने राखली असणार.

आज हे काम कुठे उरले आहे? सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे विकायला येतात, तेव्हा आयाळ आणि शेपटी तेल लावून, विंचरून तयार असतात. माउलींच्या पालखीसाठी बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून अश्व येतात आणि रिंगणात धावल्यावर त्यांच्या टापांखालची माती वारकरी कपाळी लावतात. मराठ्यांच्या फौजेतली भीमथडीची तट्टे सिंधूपर्यंत गेली. त्या भीमथडी घोड्याला देशी जात म्हणून अधिकृत नोंद मिळाली ती थेट २०२४ साली. मुंबईच्या व्हिक्टोरिया मात्र २०१५च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर रस्त्यावरून गेल्या.

आणि आपल्या उशाशी आहे माथेरान. आमच्या पनवेल तालुक्यातल्या धोदाणीहून पायवाट तिथे चढते. मोटारींना बंदी असल्याने तिथे घोडा टिकला. लाल मातीने आयाळ दिवसभरात तांबडी होते आणि संध्याकाळी घोडेवाले ती झाडत बसलेले दिसतात. २०२२च्या डिसेंबरात तिथे ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. वृद्धांची आणि शाळकरी मुलांची सोय झाली, ते योग्यच झाले. माझ्या गुडघ्यांचेही तेच मत आहे! माणसाने माणसाला ओढू नये, हेही खरे. पण घोडेवाल्याचे पोट घोड्यावर आणि घोड्याचे पोट घोडेवाल्यावर अवलंबून आहे. भाडे कमी झाले की आधी चंदी कमी होते, मग खरारा. घोड्याची आयाळ पाहून मालकाच्या घरची स्थिती ओळखता येते. तेव्हा रिक्षा वाढवताना या दोघांच्या पोटाचाही विचार व्हायला हवा.

सरदारांची नावे आपल्याला पाठ आहेत. काही घोड्यांचीही आहेत. मोतद्दाराचे नाव विचारले तर मी इतिहासाचा शिक्षक असूनही गप्प बसेन, कारण बखरींनी ते लिहिलेच नाही. माथेरानचा घोडेवाला मात्र आज आपल्यासमोर आहे. पुढच्या वेळी घोड्यावर बसलात तर घोड्याचे नाव विचारता तसे त्याचेही विचारा.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी टांगा, घोडा किंवा पागेची कागदपत्रे होती का? असतील तर जरूर कळवा. विशेषतः देशावरच्या आमच्या नातेवाइकांनी.