शिशाची पारख

बीडहून अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर केज लागते. या रस्त्याला टायर-पंक्चरची दुकाने पुष्कळ, आणि त्यांच्या आसऱ्याने भंगाराचीही. अशाच एका दुकानात आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक रद्दी चाळण्यासाठी गेलो होतो. दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे मिळतील अशी आशा होती. ती फोल ठरली. मात्र तेथे जे पाहिले त्याने आमच्या एका जुन्या समजुतीला धक्का दिला, म्हणून हे टिपण.

दुकानाच्या ओट्यावर एक तरुण मोटारींच्या चाकांची वजने निवडत बसला होता. चाक वेगाने फिरताना थरथरू नये म्हणून रिमच्या कडेला धातूचे छोटे तुकडे ठोकतात, ती ही वजने. पूर्वी ती सर्रास शिशाची असत. युरोपीय संघाने २००५ पासून नव्या मोटारींवर शिशाची वजने लावण्यास मनाई केली, आणि हळूहळू जस्ताची व लोखंडाची वजने बाजारात आली. त्यामुळे गोणीत तिन्ही धातू एकत्र येतात. तो तरुण आधी लोहचुंबक फिरवून लोखंड वेगळे करी. मग उरलेल्या तुकड्यावर नख ओढी. शिशावर ओरखडा उठतो, जस्तावर उठत नाही. तरीही शंका राहिली तर तुकडा फरशीवर टाकी. शिसे बद्द आवाज करते, जस्त खणखणते. आम्ही कौतुकाने विचारले, "हे कुठं शिकलास?" तो मान वर न करता म्हणाला, "मामाकडं. सर, जस्ताचा एक तुकडा गेला तरी सगळी कढई नासती."

हे अक्षरशः खरे आहे. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, जस्त ४१९ अंशांना. आच बेताची असली तर जस्ताचा तुकडा रसावर तरंगतो आणि काढून टाकता येतो. आच चढली की तो विरघळतो आणि रस फाटल्यासारखा गुठळ्या-गुठळ्यांचा होतो. साच्याच्या कोपऱ्यांत तो शिरतच नाही. परदेशात बंदुकीच्या गोळ्या घरी ओतणारे हौशी नेमबाज या वजनांवर टपलेले असतात, आणि त्यांची निवडण्याची रीत केजच्या या तरुणाहून वेगळी नाही.

आमच्या मनात आले, ही पारख किती जुनी असेल? बंदूक दख्खनमध्ये आली तेव्हापासून कोणीतरी शिसे पारखत असलेच पाहिजे. इंग्रज कंपनीच्या जहाजांतून सुरतेकडे आणि मुंबईकडे जो माल उतरे त्यात बनातीबरोबर शिसेही असे. तोड्याच्या बंदुकीची गोळी त्यातूनच ओतली जाई. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आम्ही वर्षानुवर्षे एम.ए.च्या वर्गात शिकवतो. दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, दारू ठराविक दिवसांनी बाहेर काढून उन्हात वाळवावी, इतका बारकावा त्यात आहे. बखरींत तर गोळी लागून पडलेल्या वीरांची वर्णने ठायी ठायी येतात. पण गोळी ओतणारा, तिचे शिसे नखाने तपासणारा माणूस आमच्या वाचनात कोठेही आलेला नाही. १८५७ विषयी लिहिताना काडतुसाच्या चरबीवर पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. त्याच एन्फील्ड बंदुकीची गोळी मऊ, जवळपास शुद्ध शिशाची असणे अगत्याचे होते. बार उडाला की तिचा तळ फुगून नळीतील आट्यांत घट्ट बसे, आणि त्या बंदुकीचा नेम यावरच अवलंबून होता. याविषयी मात्र आपल्या लेखनात सहसा एक ओळही सापडत नाही.

भाषेनेही या धातूशी फारशी प्रामाणिकता दाखवलेली नाही. शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्राफाइट असते. सुरमा म्हणजे अँटिमनीचे खनिज असे कोश सांगतात, तर बाजारातला सुरमा बहुधा शिशाच्याच खनिजाचा असतो. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेले शिसे ओतावे, हे धर्मशास्त्राचे क्रौर्य आपण सगळेच उद्धृत करतो. गौतमधर्मसूत्रात तेथे शब्द आहेत 'त्रपु' आणि 'जतु', म्हणजे कथील आणि लाख. याने क्रौर्य तसूभरही कमी होत नाही. परंतु कल्हईवाल्याला कथील आणि शिसे यांतला फरक कळल्यावाचून पोट भरता येत नाही, आणि आम्हा पंडितांचे त्यावाचून काही अडत नाही, एवढे मात्र यातून दिसते.

वास्तविक आमचे सर्वाधिक अडायला हवे होते. कारण मराठी साहित्य दीडशेहून अधिक वर्षे शिशावरच उभे होते. १८०५ साली मिरजेला गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरून. त्याच वर्षी कॅरीचे मराठी व्याकरण सेरामपूरला ओतीव देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. तांब्याचा मार्ग तेथेच खुंटला आणि खिळा टिकला. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी १८६४ मध्ये मुंबईत अक्षरांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. खिळ्याचे शिसे गोळीच्या शिशापेक्षा वेगळे. ठासणीच्या गोळीला मऊपणा हवा, खिळ्याला कडकपणा. नाहीतर वेलांटी दाबाखाली चेपली जाईल. म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळतात. अँटिमनीमुळे धातू थंड होताना कमी आक्रसतो आणि अक्षराची कड धारदार उतरते. ज्ञानेश्वरीच्या मुद्रित प्रतीतला प्रत्येक अनुस्वार या मिश्रणाचा ऋणी आहे.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर हे शिसे आपल्याला सुखासुखी मिळाले नाही. केज तेव्हा निजामाच्या राज्यात, अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद आणि तेथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९३८ मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक काढले तेही पुण्याहून. निजाम सरकारने बंदी घालावी आणि पत्राने नाव पालटून पुन्हा यावे, असा खेळ चालला. म्हणजे छावणीतले शिसे प्रदेशाच्या आत होते आणि अक्षरांचे शिसे सरहद्दीपलीकडे. सप्टेंबर १९४८ नंतरच ते मोकळेपणाने आत आले. मराठवाड्यातील मुद्रणाचा इतिहास लिहिणाऱ्याने हा भूगोल ध्यानात ठेवला पाहिजे, असे आमचे मत आहे.

पुढे १९९० च्या दशकात संगणकाची जुळणी आली आणि तालुक्या-तालुक्याचे छापखाने खिळे मोडीत काढू लागले. जुळाऱ्यांची बोटे रिकामी झाली. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यभर शिसे हाताळून त्याच हातांनी भाकरी खाल्ली होती. शिसे शरीरात साचत जाते, हे त्यांना कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. ओट्यावरच्या तरुणालाही बहुधा सांगितलेले नाही. आम्ही सांगितले, तेव्हा तो नुसता हसला आणि बादलीकडे बोट दाखवून म्हणाला, "हात धुतो की."

मोडीतले खिळे पुढे कोठे जातात? अमेरिकेत गोळ्या ओतणारे छापखान्याचा धातू मुद्दाम शोधतात, कारण मऊ शिशात तो थोडा घातला की गोळी कडक होते. उलट दिशेचा प्रवासही जगाला अपरिचित नाही. १७७६ मध्ये न्यू यॉर्कमध्ये राजा तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा पुतळा पाडण्यात आला आणि त्याच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्याची नोंद आहे. त्या गोळ्या मोजल्या गेल्या. आमच्या खिळ्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही. ते किलोवर गेले.

निघता निघता त्या तरुणाने गोणीच्या तळाशी हात घातला आणि एक चपटा तुकडा काढला. तो वजन नव्हता. उलटा 'ळ' होता, शाईने काळवंडलेला. आम्ही हात पुढे करण्याआधी त्याने सवयीने त्यावर नख ओढले. ओरखडा पुसटच उठला. "कडक आहे," तो म्हणाला, आणि तुकडा उजवीकडच्या ढिगावर टाकला.