पुआ कुंबू : इबान स्त्रियांची स्वारी

बोर्निओ बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरील सारावाकचा इतिहास ज्यांनी लिहिला, त्यांतील बहुतेकांनी तेथील इबान लोकांची ओळख शत्रूची शिरे कापून आणणारे योद्धे एवढीच करून दिली; परंतु ती शिरे घरी आल्यावर ज्या वस्त्रात स्त्रिया विधिपूर्वक झेलीत, ते पुआ कुंबू नामक वस्त्र हेच त्या समाजाच्या पूर्वेतिहासाचे अधिक बोलके साधन आहे, असे मला वाटते.

कापुआस नदीच्या खोऱ्यातून हे लोक बातांग आइच्या बाजूस उतरले आणि रान तोडून, जाळून भात पिकवीत सारिबास, राजांग या नद्यांच्या काठाने पसरले. वस्ती म्हणजे खांबांवर उभारलेले एकच लांबलचक घर. त्यात प्रत्येक कुटुंबाचे 'बिलिक' स्वतंत्र, आणि समोरची 'रुआइ' ही ओसरी मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. बिलिकच्या वारशात मुलगा-मुलगी असा भेद नाही, आणि विवाहानंतर जोडप्याने कोणाच्या घरी राहावे हेही रूढीने आधीच ठरवून टाकलेले नाही. आपल्याकडे ज्या हक्कासाठी सुधारकांना लेखण्या झिजवाव्या लागल्या, तो तेथे जुन्या वहिवाटीतच होता.

पुआ विणण्याच्या विद्येची खरी कसोटी मागावर लागत नाही, त्याआधीच लागते. कापसाचे सूत तांबडा रंग सहजासहजी धरीत नाही. म्हणून 'ङार' नावाचा विधी करावा लागतो. देवतांना नैवेद्य दाखवून एखादी जाणती वृद्धा आले, मीठ, रानातल्या तेलबिया आणि तुरटीचा अंश असलेली पाने यांचे मिश्रण कोमट पाण्यात सिद्ध करते, सूत त्यात मुरवले जाते, आणि मग चौकटींवर ताणून दिवसा उन्हात व रात्री दवात उघड्यावर ठेवले जाते. मिश्रणाचे प्रमाण ही तिची गुप्त विद्या. पुरुषांना त्या जागी मज्जाव. या कर्माला इबान लोक 'कायाउ इंदु', म्हणजे स्त्रियांची स्वारी, म्हणतात, आणि ते साधलेल्या स्त्रीचा मान नामांकित योद्ध्याच्या बरोबरीचा. पुढे पानांच्या तंतूंनी ताण्याचे सूत नक्षीप्रमाणे बांधून रंगवायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. तांबडा रंग येतो 'एंग्कुडु'च्या मुळांच्या सालीतून. हीच आपली बारतोंडी, जिच्या 'आल' या रंगाने आपल्याकडचे रंगारी खारवा रंगवीत.

नक्षी मनास येईल ती घेता येत नसे. मोठ्या आकृती स्वप्नात देवतेच्या अनुज्ञेने मिळतात, आणि अधिकार नसता त्या विणल्यास विणणारीचे अनिष्ट होते, अशी दृढ श्रद्धा असल्याने नवशिकीने साध्या वेलबुट्टीपासून आरंभ करायचा.

इ. स. 1841 मध्ये जेम्स ब्रुक हा इंग्रज सारावाकचा राजा झाला, आणि 1946 पर्यंत त्याच्या घराण्याचा अंमल टिकला. त्याने 1849 मध्ये बेटिंग मारू येथे सारिबासच्या इबानांचा संहार केला. रेंताप या सरदाराचे सादोक डोंगरावरील ठाणे पडावयास 1861 साल उजाडले. शिरे कापण्यास मनाईचा हुकूम करणाऱ्या याच सरकारने बंडखोरांवरील मोहिमांत इबानांच्याच टोळ्या नेल्या आणि त्यांनी शिरे आणली तेव्हा काणाडोळा केला, ही विसंगती ब्रुकभक्त चरित्रकार हलक्या हाताने पुसून टाकतात.

मनाईने पुआचे मात्र फारसे बिघडले नाही, कारण शिरे झेलणे हा त्याच्या अनेक उपयोगांपैकी एकच होता. नवजात बालकाच्या पहिल्या स्नानास, नैवेद्याच्या जागी, मृतदेहाभोवती आडोसा म्हणून ते लागतच राहिले. त्याला खरा धक्का दिला तो बाजारातील आयत्या सुताने आणि रासायनिक रंगाने, ज्यांना ना दव लागते ना वृद्धेची गुप्त विद्या. 1 जून 1965 पासून सारावाकमध्ये गवाइ दायाक या सणाची सरकारी सुट्टी आहे, आणि त्या दिवशी रुआइत पुआ टांगलेले आजही दिसतात. त्यांतले ङार केलेल्या सुताचे कोणते, हे मात्र जाणत्या बाईला विचारूनच कळते.