गिरगावची वाडी : एका शेजाराचा इतिहास

फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी. गिरगावातील वाड्यांची नुसती नावे उच्चारली तरी या वस्तीचे मूळ रूप ध्यानात येते. मुंबईचा किल्ला व्यापाराने गजबजलेला असताना त्याच्या उत्तरेचा हा भाग बागायतीचा होता. लगतच्या चर्नी रोडचे नाव गुरांच्या चरणीवरून पडले, असे मानले जाते. पुढे बागांच्या जागी घरे उठली, तरी ‘वाडी’ हा शब्द टिकला आणि त्या शब्दाबरोबर राहणीची एक रीतही टिकली. अरुंद तोंडाची गल्ली, आत एकमेकांना लागून घरे, मध्ये थोडे आवार आणि शहराची वर्दळ बाहेरच्या रस्त्यावरच थबकलेली, अशी ही रचना होती.

खोताच्या वाडीत ती आजही पाहावयास मिळते. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांकडे असलेल्या या जमिनीवर ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी घरे बांधली. पुढे ओसरी, बाहेरून वर चढणारा लाकडी जिना आणि उतरती कौले अशी त्यांची धाटणी होती. ओसरीवर बसलेल्या माणसाला गल्लीतून जाणाऱ्याची विचारपूस केल्याशिवाय राहवत नसे. याच वाडीतील ‘अनंताश्रम’ या खाणावळीत गोमंतकी माशांचे जेवण जेवण्यासाठी लांबून माणसे येत. एका बाजूला नाताळचे कंदील आणि पलीकडे गणपतीची आरती, याचे तेथे कोणालाच नवल वाटत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकणातून, गोमंतकातून आणि देशावरून माणसांचा ओघ मुंबईकडे लागला. गिरगावात आला तो मुख्यतः कारकून, शिक्षक, छापखान्यातील जुळारी आणि लहान दुकानदारांचा वर्ग. त्यांच्यासाठी चाळी उभ्या राहिल्या. एक-दोन खोल्या, पुढे सामायिक गॅलरी आणि टोकाला नळ. खोली लहान असल्यामुळे घराचा निम्मा संसार गॅलरीत चाले. पापड वाळत, मुले पाढे म्हणत, वडीलधारी माणसे वर्तमानपत्र वाटून वाचत. अशाच एका चाळीत, केशवजी नाईक यांच्या चाळीत, १८९३ मध्ये मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. लोकमान्यांच्या हाकेला गिरगावाने इतक्या तत्परतेने ओ दिली, याचे नवल नाही. दहा बिऱ्हाडांनी मिळून कार्य पार पाडण्याची सवय चाळीला आधीपासूनच होती.

या शेजाराला विद्येचेही वळण होते. खटाववाडीतील ‘मौज’च्या कचेरीत श्री. पु. भागवतांच्या हाताखाली मराठी कथेची आणि कवितेची एक पिढी घडली. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह डॉ. अ. ना. भालेराव यांच्या ध्यासातून केळेवाडीत १९६४ मध्ये उभे राहिले. ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट १४ मार्च १९३१ रोजी झळकला, तोही गिरगावातील मॅजेस्टिक चित्रगृहात. वाडीतल्या मुलाला हे सारे पायी चालत जाण्याच्या अंतरावर होते. शाळाही त्याच अंतरावर होती. गुरुजी त्याच गल्लीतून घरी जात, त्यामुळे मुलाच्या अभ्यासाची वार्ता निकालपत्राच्या आधी घरी पोहोचत असे.

या निवांतपणाला एक आर्थिक पायाही होता आणि त्याचा विचार क्वचितच केला जातो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. बिऱ्हाड हलण्याची धास्ती संपली. एकाच खोलीत तीन-तीन पिढ्या नांदल्या. शेजाऱ्याशी संबंध जन्माचा आहे, हे ठाऊक असल्यामुळे भांडणेही मिटविण्याच्या बेतानेच होत. परंतु त्याच कायद्यामुळे दुरुस्तीचा खर्च भाड्यातून निघेना. मालकांनी हात आखडता घेतला, तुळया वाकल्या, जिने खचले. अखेर १९६९ मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी शासनाला स्वतंत्र मंडळ नेमण्याचा कायदा करावा लागला. ज्या आधारावर शेजार रुजला, त्याच आधाराने भिंती पोखरल्या.

त्या काळाकडे पाहताना केवळ गोडवाच आठवणे इतिहासाला धरून होणार नाही. अनेक वाड्या जातीजातींच्या होत्या आणि परक्याला खोली सहज मिळत नसे. पहाटे नळावर रांग लावणारी, पाहुण्यांसाठी आपली झोपण्याची जागा सोडणारी स्त्री या मोकळेपणाची किंमत मोजत होती. खोली वाढत नव्हती आणि कुटुंब वाढत होते. लग्न झालेला मुलगा बोरिवलीला किंवा डोंबिवलीला गेला, तो बहुधा नाइलाजानेच. त्याची मुले तिकडच्या शाळेत गेली आणि गिरगावातील मराठी शाळांचे वर्ग एकेका बाकाने रिकामे होऊ लागले. वाडी आणि शाळा यांचे भवितव्य एकच होते, हे तेव्हा कळले.

आता जुन्या चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. भुयारी मेट्रोचे गिरगाव स्थानक २०२५ मध्ये सुरू झाले. त्यासाठी काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. नव्या घरात स्वतःचा नळ आहे, उद्‌वाहन आहे आणि वृद्धांना जिन्याची भीती नाही. हे सुख क्षुल्लक मानण्याचा अधिकार सामायिक नळावर कधीही न उभ्या राहिलेल्या माणसाला नाही. तथापि बंद दारांच्या मजल्यावर शेजार आपोआप घडत नाही. पूर्वी तो गॅलरी घडवीत असे. यापुढे तो माणसांनाच ठरवून घडवावा लागेल. गणपतीच्या मंडपात, वाचनालयात आणि शाळेच्या पटांगणात ते आजही शक्य आहे. वाडी सोडून गेलेले माजी विद्यार्थी वर्षातून एकदा शाळेच्या फाटकाशी जमतात आणि परस्परांना खोलीच्या क्रमांकावरून ओळखतात, तेव्हा त्या शेजाराचा एक धागा अजून तुटलेला नसल्याची खूण पटते.