खरीप की रब्बी? सोलापूरकडच्या रानाचं हंगामी गणित

पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं, की खरीप पावसाळ्याचा आणि रब्बी हिवाळ्याचा. रानात मात्र एका हंगामाचा निर्णय दुसऱ्याला धरूनच घ्यावा लागतो.

नावं कुठून आली?
दोन्ही शब्द मूळ अरबी. खरीप म्हणजे शरद ऋतू, रब्बी म्हणजे वसंत. पीक पेरतात कधी यावरून नाही, तर काढणीला येतं कधी यावरून ही नावं पडली. तिसरा हंगाम उन्हाळी, तो पाणी असणाऱ्यांचाच.

खरीप (जून ते ऑक्टोबर)
मृग नक्षत्र 7-8 जूनला निघतं आणि तिफणी बाहेर पडतात. मूग, उडीद, सोयाबीन, तूर, बाजरी, मका ही मुख्य पिकं. धोका असतो तो घाईचा. एका जोरदार सरीवर पेरलं आणि पुढं पावसानं ओढ दिली, की दुबार पेरणी आलीच. बी-खताचा पैसा मातीत जातो. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर, वाफसा बघूनच पेरा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो.

रब्बी (सप्टेंबर ते मार्च)
सोलापूर जिल्ह्यात सर्वात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो. म्हणूनच हा भाग पहिल्यापासून रब्बीचा, ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात मुरलेल्या ओलीवरच मालदांडी येते. या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

पेरणीचे दिवस साधारण असे:
- कोरडवाहू ज्वारी: 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर
- कोरडवाहू हरभरा: सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा
- बागायती गहू: नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा

पेरणी लांबली की वरची ओल उडून जाते. वेळेवर कोळपणी केली तर भेगा बुजतात, ओल टिकते. ज्वारीचा दाणा घरात येतो आणि कडबा दावणीला. जनावरं असणाऱ्याला कडब्याची किंमत वेगळी सांगायला नको.

दोन्ही पिकं घेता येतात का?
येतात, पण पीक बघून. मूग-उडीद 65 ते 75 दिवसांत निघतो, रान ज्वारीला मोकळं होतं. सोयाबीनला शंभरेक दिवस लागतात, त्यामागं हरभरा बसतो. तूर पाच-सहा महिने रान अडवते, तिच्यामागं कोरडवाहू रब्बी विसरायची. हलक्या, मुरमाड रानात ओलच टिकत नाही, तिथं एकच हंगाम धरावा.

कागदावरचा हंगाम
पंतप्रधान पीकविमा योजनेत शेतकरी हिस्सा खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के, रब्बीला 1.5 टक्के आणि नगदी पिकांना 5 टक्के. प्रत्येक पिकाची मुदत वेगळी, ती दरवर्षी तपासावी. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणी हंगामनिहाय होते, खरिपाची केली म्हणून रब्बीची झाली असं नाही.

महसूल दफ्तरी गावंही खरीप आणि रब्बी अशी नोंदलेली आहेत आणि पैसेवारी त्या-त्या हंगामाच्या पिकांवर निघते. आता कित्येक रब्बी गावांत खरिपाचा पेरा वाढलाय. तिथं पावसाअभावी सोयाबीन, उडीद गेला तरी गावाची नोंद रब्बीचीच राहते. आपलं गाव कशात आहे, हे तलाठी कार्यालयात एकदा विचारून घ्या. नोंद बदलायची असेल तर ग्रामसभेत विषय मांडा, नुकसान झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही.