इटालियन न्योक्की आणि व्हीगन आहार : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

कोणत्याही समाजाचा आहार हा त्या समाजाच्या शेतीचा, धर्माचा आणि वर्गरचनेचा आरसा असतो. राजकीय इतिहासाच्या तुलनेत आहाराचा इतिहास दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र या विषयाला स्वतंत्र अभ्यासक्षेत्राची प्रतिष्ठा लाभली. एखादा पारंपरिक पदार्थ आधुनिक आहारविचारात बसतो किंवा नाही, हा प्रश्न वरवर पाहता पाकशास्त्राचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर देताना 'परंपरा' म्हणजे नेमके काय, ती कोणाची आणि किती जुनी, हे ठरवावे लागते. आणि तेथेच तो इतिहासाचा प्रश्न बनतो. प्रस्तुत लेखात इटलीतील 'न्योक्की' या पदार्थाच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

न्योक्की म्हणजे पीठ, रवा, पावाचा चुरा, ताजे चीज किंवा उकडलेला बटाटा मळून केलेले आणि बहुधा उकळत्या पाण्यात शिजविलेले लहान गोळे. हे एकाच पदार्थाचे नाव नसून एका कुळाचे नाव आहे, ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

'व्हीगन' संकल्पनेचा अर्थ

दूध, लोणी, चीज, अंडी, मध यांसह सर्व प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य मानणाऱ्या आहाराला 'व्हीगन' आहार म्हणतात. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली, तेव्हा हा शब्द रूढ झाला. भारतीय वाचकाला परिचित असलेल्या शाकाहारापेक्षा ही संकल्पना वेगळी आहे. भारतीय शाकाहारात दूध-तुपाला केवळ स्थान नव्हे, तर पावित्र्य आहे. व्हीगन विचारात ते निषिद्ध आहे. भारतात खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील हिरवे चिन्ह दुग्धजन्य पदार्थांनाही लागू असल्यामुळे २०२२ च्या नियमांन्वये व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र बोधचिन्ह निश्चित करावे लागले. यावरून या दोन संकल्पनांतील अंतर स्पष्ट होते.

येथे आणखी एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. दारिद्र्यामुळे प्राणिजन्य अन्न न मिळणे, धर्माज्ञेमुळे ते काही दिवस टाळणे आणि नैतिक भूमिकेतून ते कायमचे नाकारणे, या तीन भिन्न गोष्टी आहेत. ताटातील पदार्थ एकसारखा दिसला तरी त्यामागील कारणे वेगळी असतात. न्योक्कीच्या इतिहासात या तिन्ही गोष्टी आढळतात.

बटाट्यापूर्वीची न्योक्की

आज न्योक्की म्हटले की बटाट्याचे गोळे डोळ्यांसमोर येतात. तथापि बटाटा हे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशातील पीक असून स्पॅनिश विजयानंतरच, म्हणजे सोळाव्या शतकात, ते युरोपात आले. न्योक्कीचे उल्लेख त्याहून जुने आहेत. चौदाव्या शतकातील तस्कन बोलीतील पाककृतींच्या एका हस्तलिखित खंडात ताजे चीज कुटून त्यात पीठ आणि अंड्यातील पिवळा बलक मिसळून न्योक्की करण्याची कृती आढळते. म्हणजेच या पदार्थाच्या सर्वांत जुन्या लेखी रूपांपैकी एक रूप व्हीगन तर नव्हेच, उलट चीज आणि अंडे हाच त्याचा गाभा होता.

त्याच शतकात बोकाच्चिओने 'डेकॅमेरॉन' या ग्रंथात 'बेंगोदी' नावाच्या कल्पित प्रदेशाचे वर्णन केले आहे. तेथे किसलेल्या पार्मेझान चीजचा डोंगर असून त्यावर बसलेले लोक कोंबड्याच्या रश्श्यात मकरोनी आणि राव्हिओली शिजवून खाली सोडत असतात. येथील 'मकरोनी' म्हणजे आजच्या न्योक्कीसारखे गोळे असावेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. हा प्रसंग विनोदी असला तरी त्याचे सामाजिक मूल्य मोठे आहे. अर्धपोटी समाजाने रंगविलेल्या सुकाळाच्या स्वप्नात पिठाचे गोळे पुरेसे नव्हते. त्यांवर चीज आणि मांसाचा रस्सा हवा होता.

सोळाव्या शतकात पोपच्या स्वयंपाकघरात सेवा केलेल्या बार्तोलोमेओ स्काप्पी याच्या १५७० मधील बृहद्ग्रंथात न्योक्की म्हणविल्या जाणाऱ्या मकरोनीची कृती आहे. तीत पीठ आणि पावाचा चुरा हे मुख्य घटक आहेत. बटाट्याचा तेथे मागमूसही नाही.

उत्सव आणि उपवास

व्हेरोना नगरात कार्निव्हलच्या शेवटच्या शुक्रवारी न्योक्कीचा उत्सव साजरा होतो आणि 'पापा देल न्योको' हे पात्र मिरवणुकीचे नेतृत्व करते. १५३१ च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात तोमाझो दा व्हीको या वैद्याने सान झेनो भागातील गरिबांना अन्नसामग्री वाटली, त्यातून हा उत्सव सुरू झाला, अशी परंपरागत कथा आहे. कथेनुसार त्या सामग्रीत पिठाबरोबर लोणी आणि चीजही होते. कथेचे ऐतिहासिक प्रामाण्य बाजूला ठेवले, तरी दानाची कल्पना करताना लोकस्मृतीने लोणी-चीज वगळले नाही, हे लक्षणीय आहे.

या उत्सवाचा काळही अर्थपूर्ण आहे. कार्निव्हल संपताच ख्रिस्ती धर्मातील चाळीस दिवसांचा 'लेंट' हा उपवासकाळ सुरू होतो. मध्ययुगात या काळात मांसाबरोबर दूध, लोणी, चीज आणि अंडीही वर्ज्य असत. लोण्याऐवजी तेल, गाईच्या दुधाऐवजी बदामाचे दूध असे पर्याय त्या काळच्या पाककृतींत आढळतात. आजच्या व्हीगन स्वयंपाकातील काही युक्त्यांचे पूर्वरूप येथे दिसते. मात्र लेंटमध्ये मासे चालत असल्यामुळे त्या आहाराला व्हीगन म्हणता येत नाही. शिवाय न्योक्कीचा उत्सव उपवासाच्या आत नसून त्याच्या उंबरठ्यावर आहे. रोममध्ये गुरुवारी न्योक्की आणि शुक्रवारी मासे असा जो प्रघात आहे, त्यातही शुक्रवारच्या संयमापूर्वी पोटभर खाऊन घेण्याची हीच भूमिका दिसते.

बटाट्याचा प्रवेश आणि पिठाचे नवे रूप

बटाटा इटलीत आला तरी सुमारे दोन शतके तो सर्वसामान्यांच्या ताटात रुळला नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुधारणावादी विद्वानांनी त्याचा पुरस्कार केला. उदिने येथील आंतोनिओ झानोन याने १७६७ मध्ये बटाट्याच्या लागवडीविषयी व उपयोगाविषयी ग्रंथ लिहिला. नेपल्समधील व्हिन्चेन्झो कॉर्रादो याने १७९८ मध्ये बटाट्याच्या पदार्थांवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. १८१६-१७ मधील दुष्काळाने या प्रचाराला निकडीची जोड दिली. धान्य महाग झाल्यावर पिठात बटाटा मिसळणे हा काटकसरीचा मार्ग ठरला.

याच कॉर्रादोने १७८१ मध्ये 'पायथागोरीय' म्हणजे वनस्पतिप्रधान आहारावर ग्रंथ लिहिला होता. परंतु त्यातील भाज्यांच्या कृतींत लोणी, अंडी आणि मांसाचा रस्साही मुक्तपणे येतो. भाजी हा पदार्थाचा विषय असणे आणि पदार्थ पूर्णतः वनस्पतिजन्य असणे, यांत तत्कालीन लेखक फरक करीत नव्हते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

बटाट्याच्या न्योक्कीचे प्रमाणित रूप पेल्लेग्रिनो आर्तुझी याच्या १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाकग्रंथात मिळते. १८६१ मध्ये एकीकरण झालेल्या इटलीला समान पाकभाषा देण्याचे श्रेय या ग्रंथाला दिले जाते. आर्तुझीच्या कृतीत ४०० ग्रॅम बटाटे आणि १५० ग्रॅम गव्हाचे पीठ आहे, अंडे नाही. पीठ कमी पडल्यामुळे एका गृहिणीची न्योक्की उकळत्या पाण्यात विरघळून नाहीशी झाली, असा किस्साही त्याने सांगितला आहे. गोळा बांधून ठेवण्याचे काम पिठातील चिकटपणा करतो, अंडे अनिवार्य नाही, हे त्यावरून सूचित होते. म्हणजे आर्तुझीचा गोळा व्हीगन कसोटीला उतरतो. मात्र तयार न्योक्कीवर तो चीज, लोणी आणि टोमॅटोचा रस घालण्यास सांगतो. गोळा व्हीगन, पण ताट व्हीगन नाही, अशी ही स्थिती आहे.

प्रादेशिक प्रकारांचे वर्गीकरण

या कसोटीवर न्योक्कीच्या कुळाचे तीन गट पडतात.

पहिल्या गटात मुळातच प्राणिजन्य घटकांवर उभे असलेले प्रकार येतात. रव्यात दूध, लोणी, अंड्याचा बलक आणि चीज घालून केलेली रोमन न्योक्की, तस्कनीतील रिकोत्ता चीज आणि पालकाचे 'न्यूदी', आणि शिळा पाव, दूध व अंडी यांपासून केलेले आल्प्स प्रदेशातील 'कानेदेर्ली' ही याची उदाहरणे होत. आप्पियानो येथील किल्ल्याच्या प्रार्थनागृहातील इ. स. १२०० च्या सुमाराच्या भित्तिचित्रात असे गोळे चाखणारी स्त्री दाखविली आहे. तो प्रदेश पहिल्या महायुद्धानंतर इटलीत आला. त्यामुळे 'इटालियन परंपरा' हा शब्दही जपूनच वापरावा लागतो.

दुसऱ्या गटात गोळा वनस्पतिजन्य, पण रस्सा प्राणिजन्य असे प्रकार येतात. पिआचेन्झा भागातील 'पिसारेई' हे पीठ, पावाचा चुरा आणि पाणी यांचे गोळे घेवड्याच्या दाण्यांबरोबर खातात. परंतु रस्स्यात परंपरेने डुकराची चरबी असते. सार्डिनियातील 'माल्लोरेद्दुस' हे रवा, पाणी व केशर यांचे असतात. त्यांवर सॉसेजचा रस्सा घालतात.

तिसऱ्या गटात बटाट्याची अंडेविरहित न्योक्की टोमॅटो, तुळशीच्या जातीची बॅझिल ही वनस्पती आणि ऑलिव्ह तेल यांसह वाढली जाते. चीज वगळले की हा पदार्थ पूर्णतः व्हीगन होतो. पार्मेझान चीजच्या बाबतीत तर प्रश्न केवळ दुधाचा नाही. अधिकृत पार्मिजानो रेज्जानो तयार करताना वासराच्या जठरातून मिळणारे रेनेट वापरणे बंधनकारक आहे; त्यामुळे ते काटेकोर शाकाहारातही बसत नाही.

दारिद्र्याचा आहार आणि निवडीचा आहार

व्हीगन आहाराचे समर्थक काही वेळा असे मांडतात की, जुन्या काळी शेतकऱ्यांचा आहार वनस्पतिजन्यच होता, म्हणून व्हीगन आहार हाच खरा पारंपरिक आहार होय. हे विधान सावधपणे तपासले पाहिजे. उत्तर इटलीतील गरीब शेतकरी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मुख्यतः मक्याच्या पोलेंतावर जगत. त्याची परिणती 'पेलाग्रा' या रोगात झाली. १७७१ मध्ये फ्रांचेस्को फ्रापोल्ली याने या रोगाला हे नाव दिले. नायासिनचा अभाव हे त्याचे कारण विसाव्या शतकात सिद्ध झाले. त्वचा सोलवटणे, बुद्धिभ्रंश आणि मृत्यू अशी त्याची लक्षणे होती. ज्यांना चीज मिळत नव्हते, त्यांनी ते नाकारले नव्हते. त्यांच्या उपासमारीला नैतिक निवडीचा मुलामा देणे हा इतिहासाचा विपर्यास ठरेल.

निवडीच्या आहाराचा इटलीतील इतिहास वेगळा आहे आणि त्याचा एक धागा भारताशी जोडलेला आहे. पेरूजा येथील तत्त्वचिंतक आल्दो कापितीनी (१८९९–१९६८) यांच्यावर महात्मा गांधींच्या अहिंसाविचाराचा खोल प्रभाव होता. फॅसिस्ट राजवटीत पक्षाचे सदस्यत्व नाकारल्यामुळे त्यांना पिसा येथील पद गमवावे लागले. त्याच काळात त्यांनी मांसाहार सोडला. जो प्राण्याची हत्या करण्यास कचरतो, तो माणसाची हत्या सहजी करणार नाही, अशी त्यामागची त्यांची धारणा होती. १९५२ मध्ये त्यांनी इटलीतील शाकाहारी संघटनेची स्थापना केली. येथे त्याग हा अभावातून नव्हे, तर विचारातून आलेला आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पारंपरिक न्योक्की व्हीगन आहारात बसते काय, या प्रश्नाला सरसकट होकार किंवा नकार देता येत नाही. बटाट्याचा अंडेविरहित गोळा आणि पीठ-पाण्याचे काही प्रादेशिक गोळे या आहारात बसतात; चीज, अंडी आणि दूध यांवर आधारित प्रकार बसत नाहीत. परंतु संपूर्ण ताटाचा विचार केला, तर परंपरेत न्योक्कीला मेजवानीचे मोल देणारा घटक लोणी आणि चीज हाच होता.

त्याचबरोबर, चीज वगळल्याने परंपरेचा भंग होतो, हा आक्षेपही टिकत नाही. ज्या बटाट्याच्या न्योक्कीला आज परंपरा म्हटले जाते, ती जेमतेम दोन शतकांची आहे आणि टंचाईने घडविलेल्या बदलाचे फलित आहे. पोर्तुगीजांकडून नावासह आलेला बटाटा महाराष्ट्रात उपवासाच्या ताटात स्थिरावला, याची आठवण येथे उद्बोधक ठरावी. आहारपरंपरा बदल पचवूनच टिकते. म्हणून व्हीगन न्योक्कीचे समर्थन जुनेपणाच्या आधारे करण्याची गरज नाही आणि जुनेपणाच्या आधारे तिला विरोध करण्यातही अर्थ नाही. तिचा निवाडा ज्या नैतिक विचारातून ती आली, त्या विचाराच्या गुणदोषांवरच झाला पाहिजे.