बोलके हात, अबोल चेहरा

रेडिओवरून सांकेतिक भाषेविषयी बोलायचे, यात थोडी गंमत आहे. ज्यांची ही भाषा, त्यांना माझा आवाज ऐकू येणार नाही. आणि ज्यांना तो ऐकू येतो, त्यांना माझे हात दिसत नाहीत. तरीही हा विषय ऐकणाऱ्यांपुढेच मांडायला हवा. कारण कर्णबधिरांच्या भाषेचे काय करायचे, हे आजवर बहुतेक वेळा ऐकणाऱ्यांनीच ठरवले आहे.

१८८० साली इटलीत मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षणाविषयी परिषद भरली. जमलेले बहुतेक सारे ऐकणारे होते. खुणांची भाषा बाजूला सारून मुलांना ओठ वाचायला आणि तोंडाने बोलायला शिकवावे, असा ठराव त्यांनी प्रचंड बहुमताने केला. त्यानंतर कित्येक देशांतल्या शाळांमधून हातांची भाषा हद्दपार झाली. तिची बाजू शास्त्राने उचलून धरायला ऐंशी वर्षे जावी लागली. १९६० साली अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी दाखवून दिले, की प्रत्येक खुणेचे सुटे घटक असतात : हाताचा आकार, जागा आणि हालचाल. म्हणजे हे नुसते हातवारे नव्हेत. ही व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे.

जे सुटे करता येते, ते लिहिता येते; आणि जे लिहिता येते, ते यंत्राला सांगता येते. १९८०च्या दशकात जर्मनीतल्या हॅम्बुर्ग विद्यापीठात खुणा लिहून ठेवण्यासाठी ‘हॅमनोसिस’ नावाची चिन्हलिपी तयार झाली. पुढे २००० साली ‘व्हिसिकास्ट’ हा युरोपीय प्रकल्प सुरू झाला आणि संगणकाच्या पडद्यावरची बाहुली हातांनी बोलू लागली. या बाहुलीला तिकडे ‘अवतार’ म्हणतात. शब्द आपलाच, संगणकाच्या दुनियेत फिरून नव्या अर्थाने परत आला आहे!

याच प्रयत्नांतून इंग्लंडमध्ये ‘टेसा’ जन्माला आली. तिची योजना पोस्टाच्या खिडकीसाठी होती. कारकुनाने मायक्रोफोनमध्ये ठरावीक वाक्य बोलायचे, संगणकाने ते ओळखायचे आणि पडद्यावरच्या बाहुलीने ब्रिटिश सांकेतिक भाषेत करून दाखवायचे. त्यासाठी सांकेतिक भाषा जाणणाऱ्या माणसाच्या अंगावर संवेदक आणि हातांत खास मोजे चढवून त्याच्या हालचाली आधीच नोंदवून ठेवल्या होत्या. पोस्टातले बोलणे किती असणार? तिकिटे, पाकिटे, वजन, पैसे. म्हणून ते जमले.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? पडद्यावर अक्षरे दाखवली की झाले! पण जन्मतः ऐकू न येणाऱ्या अनेकांसाठी लिखित मराठी ही दुसरी भाषा असते. भारतीय सांकेतिक भाषेची रचना मराठीहून वेगळी आहे. आपण विचारतो, ‘तू कुठे जातोस?’ तिथे प्रश्नार्थक खूण शेवटी येते. काहीसे ‘तू जाणे कुठे?’ असे. म्हणून मराठी शब्दांच्या क्रमाने एकेक खूण करून दाखवली, तर ते भाषांतर होत नाही.

खरी अडचण मात्र हातांत नाही, चेहऱ्यात आहे. ‘गाडी आली’ आणि ‘गाडी आली?’ या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत. फरक मी आवाजाच्या चढउताराने करतो आणि तुम्हाला तो बरोबर कळतो. सांकेतिक भाषेत हे काम भुवया, डोळे आणि मान करतात. नकार, प्रश्न, जोर, सगळे चेहऱ्यावर. बाहुलीचे हात अचूक हलले आणि चेहरा कोरा राहिला, तर प्रश्नाचे विधान होते. सुरुवातीच्या अवतारांविषयी कर्णबधिर प्रेक्षकांची मोठी तक्रार हीच होती.

आपल्याकडेही हा धागा आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस स्वतः कर्णबधिर असलेले मदन वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळुरू येथल्या खुणांचा अभ्यास केला. कानपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी रेल्वे आरक्षणाच्या खिडकीवरील हिंदी वाक्ये सांकेतिक भाषेत आणण्याचा प्रयोग केला. तिकडे पोस्टाची खिडकी, इकडे रेल्वेची! २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि २०१८ साली त्याच्या शब्दकोशाची तीन हजार शब्दांची पहिली आवृत्ती निघाली. यंत्राला शिकवायचे, तर आधी अशी पुंजी हवी.

खिडकी ओलांडली, की प्रश्न गंभीर होतो. डॉक्टर रुग्णाला विचारतो, ‘या औषधाने त्रास झाला?’ हे विधान आहे असे रुग्णाला वाटले तर? न्यायालयात साक्षीदाराचे ‘नाही’ निसटले तर? २०१८ साली कर्णबधिरांच्या जागतिक महासंघाने सांकेतिक दुभाष्यांच्या जागतिक संघटनेसह निवेदन काढून याच मुद्द्यावर बोट ठेवले. स्थानकावरच्या सूचनांसारखा आधी तयार करून तपासता येणारा मजकूर अवतारांनी सांगायला हरकत नाही. पण प्रत्यक्ष संवादात माणसाची जागा त्यांनी घेऊ नये, असा त्याचा आशय होता. तंत्र थांबलेले नाही. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये चिनी दूरचित्रवाणीने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी सांकेतिक निवेदिका पडद्यावर आणली.

मी या बाहुल्यांच्या विरोधात नाही. रात्री बारा वाजता आडगावच्या फलाटावर दुभाषी कुठून आणणार? गाडीचा फलाट बदलल्याचे बाहुलीने सांगितले, तर ते हवेच आहे. मला भीती वेगळीच वाटते. बाहुली स्वस्त पडते म्हणून रुग्णालयातला दुभाषी काढून टाकला जाईल आणि तो निर्णय घेणाऱ्या बैठकीत एकही कर्णबधिर माणूस नसेल. मिलानच्या ठरावाबद्दल अशाच शिक्षण परिषदेने व्हँकुव्हरमध्ये जाहीर खेद व्यक्त केला, तो २०१० साली. म्हणजे एक चूक कबूल करायला एकशे तीस वर्षे लागली. यंत्र जमले की नाही, याचा निकाल निदान या वेळी तरी ज्यांची भाषा आहे, त्यांनाच देऊ द्या.